आक्काच्या कढईवर बायोडिझेल

‘पेट्रोलमधलं वीस टक्के इथेनॉल पचलं, आता डिझेलची पाळी,’ एवढं एक वाक्य सेक्रेटरीनं टाकलं आणि कट्ट्याची सगळी संध्याकाळ त्यात गेली.

सेक्रेटरी कोण, हे आमच्या गल्लीत सांगावं लागत नाही. गणपती मंडळ, भिशी, सोसायटी, वाचनालय, जिथं पावतीपुस्तक तिथं हा सेक्रेटरी. मोबाइलवर वाचलेली कुठलीही गोष्ट तो तीन मुद्द्यांत सांगतो आणि तिसरा मुद्दा वर्गणीचा असतो.

“प्रत्येक वॉर्डात एक छोटा प्लांट,” तो म्हणाला. “हॉटेलातलं, गाड्यांवरचं, घरातलं वापरलेलं तेल गोळा करायचं. त्याचं बायोडिझेल करायचं. घंटागाड्या त्याच्यावर पळवायच्या. तेल आपलं, प्लांट आपला, पैसा सांगलीतच. अरबाला एक रुपया द्यायचा नाही.”

“अरब तिकडं झोपला नसंल रात्रभर,” बापू म्हणाला.

बापूचा पिकअप मार्केट यार्डातून हळद भरतो आणि येताना मिळेल ते भाडं आणतो. डिझेलवर बोलायचा हक्क कट्ट्यावर कुणाला असेल तर त्याला, कारण बाकी सगळ्यांच्या दुचाक्या आहेत. सेक्रेटरीची तर इलेक्ट्रिक आहे.

“हसू नकोस. 2018 चं राष्ट्रीय धोरण आहे. 2030 पर्यंत डिझेलमध्ये पाच टक्के बायोडिझेल.”

“आत्ता किती हाय?”

सेक्रेटरी मोबाइल चाळायला लागला. उत्तर मॅडमनी दिलं. “एक टक्कासुद्धा नाही.”

मॅडम ज्युनिअर कॉलेजला केमिस्ट्री शिकवतात. आक्काच्या गाड्यावर भज्यांचं पार्सल घ्यायला येतात आणि वाद सुरू असला की पार्सल हातात धरून तिथंच उभ्या राहतात.

“आणि त्याच्या आधीचं 2009 चं धोरण काय होतं माहितेय?” त्या म्हणाल्या. “2017 पर्यंत वीस टक्के. वीसाचे पाच झाले आणि तारीख तेरा वर्षं पुढं गेली.”

“एसटीचं टाइमटेबल बरं की मग,” बापू म्हणाला. “आणि मर्दा, त्या वीस टक्क्यांत तुझा वाटा किती होता? सासऱ्याच्या जतच्या माळावर काय लावलेलंस, सांग की मॅडमना.”

सेक्रेटरीनं चहाचा ग्लास तोंडाला लावला. सांगायचं काम मग बापूनंच केलं. मोगली एरंड. शिकल्या-सवरलेल्यांचं जट्रोफा. 2003 मध्ये नियोजन आयोगानं त्याचं राष्ट्रीय मिशन मांडलं तेव्हा पडीक जमीन, पाणी नको, खत नको, नुसतं झाड लावा आणि डिझेल काढा, असा एकूण माहोल होता. छत्तीसगडात तर डिझेल आखातातून नको, परसातून घेऊ अशा अर्थाच्या घोषणा भिंतीवर होत्या. रेल्वेनं अमृतसर शताब्दी पाच टक्के बायोडिझेलवर पळवून दाखवली. आमचा सेक्रेटरी तेव्हा नुकताच जावई झालेला. सासऱ्यानं भिडेखातर चार एकर दिले.

“झाड जगलं की,” सेक्रेटरी पुटपुटला.

“जगलं. जगायला त्याला पाणी लागत न्हाई, बी धरायला लागतं, हे कुणी सांगितलंच न्हाई. शेरडं तोंड लावत न्हाईत, म्हणून कुंपणाला लई भारी. आजपण हाय. सासरा पावण्यांना दाखवतो, म्हणतो, हे आमच्या जावयाचं पेट्रोल पंप.”

इथं पहिला हशा. सेक्रेटरीसुद्धा हसला, त्याचं हे चांगलं आहे.

“ते झाडाचं झालं,” तो म्हणाला. “मी वापरलेल्या तेलाचं बोलतोय. त्याला जमीन लागत नाही. तेल कंपन्यांनी 2019 च्या 10 ऑगस्टला शंभर शहरांसाठी जाहीर केलेलं, पहिल्या वर्षाला लिटरला 51 रुपये. आक्का, ऐकलं का? तुमच्या ह्या काळ्या तेलाला 51 रुपये!”

आक्का कांदा चिरत होत्या, चिरत राहिल्या.

“त्या काळ्या तेलाला नाही हो,” मॅडम म्हणाल्या. “तो तयार बायोडिझेलचा भाव. तेल गोळा करा, गाळा, त्यात मिथेनॉल घाला, कॉस्टिक सोडा घाला, साठ अंशांवर ढवळा, रात्रभर ठेवा, खाली बसलेलं ग्लिसरीन काढा, वरचं धुवा, वाळवा, मानकात बसतंय का तपासा, मग कंपनीच्या दारात नेऊन ओता. तेव्हा 51. शंभर लिटर तेलाला वीसेक लिटर मिथेनॉल लागतं आणि ते काही सांगलीत पिकत नाही, बहुतेक बाहेरच्या देशातूनच येतं. बरंचसं आखातातून.”

“म्हणजे अरब परत आला,” बापू म्हणाला.

“आणि ते विष आहे. पोटात गेलं तर डोळे जातात. वॉर्डावॉर्डात ठेवायची वस्तू नाही.”

“ह्यानं ठेवलेलं की. मंडळाच्या खोलीत.”

आता हे प्रकरण निघणारच होतं. पातेल्याचं प्रकरण आमच्या कट्ट्यावर दर सहा महिन्यांनी निघतं आणि दर वेळी त्यात नवीन माहिती बाहेर येते. झालं असं की लॉकडाउन उठल्यावर सेक्रेटरीनं व्हिडिओ बघून बायोडिझेल करायला घेतलं. भांडं मोठं हवं म्हणून मंडळाचं महाप्रसादाचं पातेलं आणलं. अल्युमिनियमचं. त्यात कॉस्टिक कालवला.

मॅडमनी डोळे मिटले. “अल्युमिनियममध्ये?”

“पातेलं स्वतःच उकळायला लागलं, मॅडम. खाली जाळ नव्हता.”

“हायड्रोजन निघतो त्यातून. अहो, कुणी बिडी पेटवली असती म्हणजे!”

“पेटवणार होतो,” बापू म्हणाला. “काडीपेटी ह्याच्याकडंच राहिलेली.”

पातेल्याला आतून देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडले. तेल चार वेळा तळलेलं, त्यात पाण्याचा अंश, आम्ल वाढलेलं. त्याचं डिझेल न होता साबण झाला, पिवळसर, बोटाला चिकटणारा. त्या साबणानं मंडळाच्या सतरंज्या धुतल्या गेल्या आणि नवीन पातेल्याची वर्गणी आम्ही सगळ्यांनी भरली, ज्यानं खड्डे पाडले तो सोडून. तो पावत्या फाडत होता.

“प्रयोग फसतात,” सेक्रेटरी जरा रागानं म्हणाला. “रुडॉल्फ डिझेलचं इंजिनसुद्धा 1900 च्या पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगदाण्याच्या तेलावर चाललेलं. त्याला कुणी पातेलं मागितलं नाही.”

“शेंगतेल घालू पिकअपमध्ये? घरातली मलाच जुपंल गाडीला. नव्वदीचं डिझेल परवडंना आणि ह्यो शेंगतेल सांगालाय.”

इतका वेळ आक्का गप्प होत्या. आमच्या कट्ट्याला जी काही अक्कल आहे ती गाड्याच्या त्या बाजूला असते, हे माझं जुनं मत. त्यांनी कढईतला घाणा काढला, झारा कडेला आपटला आणि विचारलं, “तुम्ही लोकं माझं तेल न्यायचं म्हणताय, ते कुठलं?”

“वापरलेलं. उरलेलं.”

“उरतंय कुठं?”

सेक्रेटरीला कळेना. आक्कांनी पदराला हात पुसले. “रात्री गाळून ठेवते. सकाळी कमी झालेलं असतंय, वर नवीन ओतते. भजी पितात की तेल. महिन्यातनं एकदा तळाचा गाळ निघतोय, तो फेकते. तुमच्या गाडीला गाळ चालंल का?”

मॅडमनी हातातल्या पार्सलकडं बघितलं. नियम त्यांना तोंडपाठ: तळून तळून तेलात वाढणारी पोलर संयुगं 25 टक्क्यांवर गेली की ते तेल टाकायचं, 2018 च्या जुलैपासून लागू. पण दिवसाला 50 लिटरच्या वर तेल वापरणाऱ्यांनीच त्याचा हिशेब ठेवायचा. आक्कांचा आठवड्याचा डबा त्यात बसत नाही. मॅडम हे सगळं बोलल्या, पण हळू आवाजात, कारण उद्याही त्यांना इथंच भजी घ्यायची आहेत.

“म्हणजे बघा,” बापू म्हणाला. “ह्याचा प्लांट आक्काच्या कढईवर, आणि कढईतलं सगळं आपल्या पोटात. तेल गोळा करायचं तर हिथनं घंटागाडी आपल्यालाच उचलाय लागंल.”

“मोठी हॉटेलं आहेत की, फरसाणवाले आहेत,” सेक्रेटरी हट्टाला पेटला.

“त्यांचं तेल कुठं जातंय सांगू? मी वाहिलंय. पत्र्याचे डबे. मोठ्या हॉटेलातनं निघतंय आणि लहान हॉटेलात उतरतंय. तिथला माणूस रोख देतो, घरपोच नेतो आणि फॉर्म भरून घेत न्हाई. तुझा प्लांट डिझेलशी स्पर्धा करणार न्हाई, मर्दा. दुसऱ्याच्या कढईशी करणार. त्या कढईपेक्षा दोन रुपये जास्त दे, उद्या सगळी सांगली तुझ्या दारात डबे घेऊन उभी राहती.”

ह्यावर सेक्रेटरीकडं मुद्दा नव्हता. माझ्याकडंही नव्हता, पण मी तसाही लिहून घेणारा.

आक्कांनी पामतेलाच्या डब्याला पायानं ढकललं. “ह्या डब्याचा भाव का वाढतोय सारखा?” मॅडम म्हणाल्या, त्याला कारणं बरीच, पण एक हेही. इंडोनेशिया आता डिझेलमध्ये चाळीस टक्के पामतेलाचं बायोडिझेल घालतो. आपल्याकडं कढईत पडणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरून येतं आणि त्यातलं पाम मुख्यतः तिकडचंच. त्यांचे ट्रक आणि आपली भजी एकाच पिंपातून पितात.

“मग त्यास्नी सांगा की पेट्रोल घाला म्हणून,” आक्का म्हणाल्या.

मध्येच बापूनं स्वतःचं रडगाणं काढलं, ते थोडक्यात सांगतो, कारण गल्लीनं ते पुष्कळ ऐकलंय. हायवेला एका ठिकाणी ‘बायोडिझेल’ अशी पाटी, लिटरमागं बरेच रुपये स्वस्त. ह्यानं टाकी भरली. पुढच्या घाटात गाडी खोकायला लागली, मग इंजेक्टर गेले, मग पंप. खर्च ऐकून वहिनी माहेरी जायच्या बाकी होत्या. मॅडम म्हणाल्या, खरं बायोडिझेलही जुन्या टाकीतली घाण सोडवतं, पहिल्यांदा फिल्टर चोंदतो, जुने रबरी पाइप फुगतात. पण पंप खाणारं ते बायोडिझेल नव्हतंच, भलतंच काही औद्योगिक तेल असणार. त्या वेळी असले पुष्कळ पंप निघाले होते, मग धाडी पडल्या, 2021 ला राज्यानं वेगळं धोरण आणलं.

“तिथं भर म्हणून कुणी सांगितलेलं, ते विचारा,” बापू म्हणाला.

कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी सेक्रेटरीकडं बघितलं.

“पर्यावरणासाठी सांगितलेलं,” सेक्रेटरी म्हणाला.

मॅडमना त्याची दया आली असावी. एरवी त्या असल्या गोष्टी वर्गातसुद्धा इतक्या मायेनं सांगत नसतील. म्हणाल्या, जमलेली उदाहरणं आहेत. तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातलं पॉवरगुडा. तिथल्या बचत गटाच्या बायकांनी करंज लावला, बिया गोळा केल्या, घाण्यावर तेल काढलं, पेंड शेताला घातली. करंजाला शेरडं खात नाहीत, मुळं जमिनीला नत्र देतात, आणि दिव्याला करंजतेल घालणं काही नवीन नाही. कोकणात उंडीचं घालायचे. कर्नाटकात बंगळूरच्या विज्ञान संस्थेतल्या प्राध्यापकांनी होंगे तेलावर, म्हणजे आपल्या करंजाच्याच, गावातली इंजिनं चालवून पाणी उपसलं. त्यात मिथेनॉल नाही, प्लांट नाही. हळू फिरणारं इंजिन, बांधावरचं तेल आणि ते जाळायचंही तिथंच. हायवेला न्यायचं नाही.

“आणि पॉवरगुडाला 2003 मध्ये वर्ल्ड बँकेनं हवेत जायच्या वाचलेल्या कार्बनचे पैसे दिले. 147 टनांचे.”

“वर्ल्ड बँक!” सेक्रेटरी कट्ट्यावरून उठला. “किती? किती दिले?”

“645 डॉलर.”

बापूनं बोटांवर हिशेब केला. “तेव्हाच्या भावानं तीस हजार. अख्ख्या गावाला?”

“हो.”

“आपली डॉल्बी ह्याच्यापेक्षा महाग पडती, लका. वर्ल्ड बँकेला म्हणावं, मिरवणुकीला तू ये, वर्गणी आम्ही देतो.”

त्यानंतर काही ऐकू येईना. सेक्रेटरी बोलत होता, करंजाची रोपं, बांध, मंडळातर्फे, असे शब्द येत होते, पण बापू डॉल्बीपुढं नाचणारी वर्ल्ड बँक करून दाखवत होता आणि पलीकडच्या पानपट्टीवाल्यानं ठेका धरला होता.

मॅडमनी डोळे पुसले, पार्सल चाचपलं. गार. “आक्का, एवढं जरा कढईत गरम करून द्या की.”

आक्कांनी पुडी घेतली आणि झारा हवेतच थांबवला. “कशात टाकू? कायद्याच्या तेलात का माझ्या?”

सगळ्यात आधी मॅडमच हसल्या. “तुमच्याच टाका,” म्हणाल्या, “आणि दोन मिरच्या जास्त.”