डिक्कीतला रिपोर्ट

आज मानेवाड्याला बारसं होतं, बायकोच्या मावसबहिणीकडे. लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर त्या घरात पाळणा हलला, त्यामुळे अख्खं गणगोत जमलं होतं. नाव ठेवून झालं, मी मसालेभाताच्या रांगेत उभा. तेवढ्यात नात्यातल्याच एक काकू हातात द्रोण घेऊन, आवाज कमी करायची तसदी पण न घेता म्हणाल्या, "टेस्ट ट्यूबचा आहे म्हणे. मंग रक्ताचा कसा म्हणायचा बाप्पा?"

बाळाची आई चार हातांवर बसली होती. तिनं ऐकलं. काही बोलली नाही, बाळाचं टोपरं नीट करत राहिली, जे आधीच नीट होतं.

मी पण काही बोललो नाही. गाडी चालवत घरी येईस्तोवर डोकं तापलं, म्हणून आता टाइप करून राहिलो. पोस्ट लांबणार आहे.

तर काकू, पहिली गोष्ट, ट्यूब नसतेच हो. काचेची, आता प्लास्टिकची, चपटी बशी असते. बाईचं अंडं अन् नवऱ्याचं बीज त्यात एकत्र ठेवतात, जे पोटात नळीमध्ये व्हायचं ते बाहेर होतं, अन् तीन नाहीतर पाच दिवसांनी तो गर्भ गर्भाशयात सोडतात. तिथून पुढं नऊ महिने तेच, उलट्या तेच, कळा तेच. रक्ताचा नाही म्हणता, मग कोणाचा? अन् समजा दात्याचं बीज असलं तरी २०२१ च्या कायद्यानं ते मूल त्या नवराबायकोचंच असतं, सगळ्या हक्कांसकट. तुमचा सवाल कायद्यानं पण निकालात काढलेला आहे.

मला हे सगळं माहीत कसं, तर आम्ही पण केलं आहे. दोनदा. हे इथल्या बहुतेकांना माहीत नाही. आता झालं.

लग्नाला चार वर्षं होऊन गेली होती. तोवर बायकोच्या सगळ्या तपासण्या झाल्या. सोनोग्राफी, रक्त, ती गर्भनळ्यांची टेस्ट ज्यात डाय सोडून फोटो काढतात, त्या दिवशी ती ऑटोत पोट धरून बसली होती. कोराडीला नवस, ताजबागला चादर, आईनं कोणी सांगितलेलं कडू चूर्ण. अन् माझी टेस्ट? कोणाच्या डोक्यातच आलं नाही. माझ्याही नाही. धंतोलीतल्या एका डॉक्टरबाईंनी विचारलं, "मिस्टरांचा रिपोर्ट कुठे आहे?" तेव्हा पहिल्यांदा झाली.

काउंट, म्हणजे शुक्राणूंची संख्या, कमी निघाला. कमी म्हणजे फारच.

तो रिपोर्ट मी घरी नेला नाही. स्कूटरच्या डिक्कीत, रेनकोटच्या खाली ठेवला. अकरा दिवस. त्या अकरा दिवसांत आई रोज माझ्या बायकोला कोणाकोणाच्या सुनेचं ऐकवत होती, अन् मी समोर बसून तर्री पोहे खात होतो. बारा वर्षं झाली, अजून ते पोहे माझ्या घशाशी येतात. बाराव्या दिवशी पाऊस आला, तिनंच रेनकोट काढायला डिक्की उघडली. वाचलं. घडी घालून मला दिला अन् एवढंच म्हणाली, "आईंना तू सांगशील का मी सांगू?"

मी नाही सांगितलं. तिनंही नाही. आईला शेवटपर्यंत वाटत राहिलं की दोष सुनेतच.

आता मला सांगा, काउंट माझा कमी अन् सुया कोणाला? तिला. दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन, एका वेळी बरीच अंडी तयार व्हावी म्हणून. मे महिना, नागपूर, बाहेर पंचेचाळीस, अन् फ्रिजमध्ये सांभाराच्या जुडीमागे इंजेक्शनचा डबा. शेवटचं ट्रिगरचं, ते घड्याळ लावून घ्यायचं असतं कारण त्यानंतर ३४ ते ३६ तासांत अंडी काढतात. रात्री साडेअकरा, अन् लाइट गेली. मोबाइलच्या टॉर्चमध्ये मी सुई धरलेली, हात लटलट. ती म्हणते, "हलू नको बे, माझंच पोट आहे." अंधारात दोघंही हसलो. त्या दोन वर्षांतलं तेवढंच हसणं मला आठवते.

माझ्या काउंटला साधं आयव्हीएफ, म्हणजे ते बशीत एकत्र ठेवणं, पुरणार नव्हतं म्हणून इक्सी केलं, एकेका अंड्यात एकेक शुक्राणू बारीक सुईनं सोडतात. १९९२ पासून आहे ते. म्हणजे माझ्यासारख्यांसाठीच निघालं अन् मीच डिक्कीत रिपोर्ट लपवून बसलो.

दोन्ही वेळा बीटा, म्हणजे गर्भ राहिला का ते बघायची रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह. एफडी मोडली ती मोडलीच.

हो, मान्य आहे, सगळ्यांना यश येत नाही, पस्तिशीनंतर तर चान्स उतरत जातो, पैसा पाण्यासारखा जातो, अन् "हमखास"चे बोर्ड लावून बसलेल्यांचा मलाही राग येतो. मान्य. पण बायपास फेल गेली म्हणून कोणी हार्ट पेशंटला नावं ठेवते का?

अन् हे आजचं नाही. कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जींनी १९७८ मध्ये, इंग्लंडच्या लुईस ब्राउन या जगातल्या पहिल्या टेस्ट ट्यूब बाळानंतर अवघ्या ७० दिवसांनी, असं मूल जन्माला घातलं. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, नको त्या खात्यात बदली केली, १९८१ मध्ये त्यांनी जीव दिला. मग १९८६ ला मुंबईच्या केईएममध्ये डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून मुलगी झाली, ती आता स्वतः आई आहे. अन् आपण मानेवाड्यात द्रोण हातात घेऊन रक्त मोजून राहिलो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. काकू वाईट नाहीत, आमच्या लग्नात तीन रात्री पुऱ्या त्यांनीच लाटल्या. अन् खरं बघता आज त्या बोलल्या तेव्हा मी पुन्हा गप्पच बसलो ना, मसालेभात वाढून घेतला. डिक्कीवालाच माणूस आहे मी अजून. बायको मात्र रांग सोडून बाळंतिणीजवळ जाऊन बसली, अन् बराच वेळ बाळाला मांडीवर घेऊन होती.

काकू, तुम्ही फेसबुकवर आहात, रोज सकाळी गुड मॉर्निंगचा फोटो टाकता, म्हणजे हे वाचाल. मला फोन नका करू. बाळाच्या आईला करा. नंबर आहे तुमच्याजवळ, बारशाचं आवतन तिनंच फोन करून दिलं होतं.