चाळीस करडांचा हिशेब: शेळीगट वाटपाच्या ‘यशा’ला उत्तर

शेळीगट वाटपाच्या कौतुकाचा एक मजकूर फोनवरून सतत फिरत असतो. जरा सभ्य भाषेत तोच प्रकल्पांच्या पूर्तता अहवालांतही सापडतो. सार असं: गरीब कुटुंबाला १० शेळ्या आणि १ बोकड द्या. शेळी वर्षातून दोनदा विते, दर वेताला दोन करडं देते, म्हणजे वर्षाला ४० करडं. करडू ५,००० रुपयांना गेलं तरी २ लाख झाले. चारा रानातला, खर्च शून्य. लसीकरण ९५ टक्के, त्यामुळे मरतूक फार तर ५ टक्के. आणि ९० टक्के लाभार्थी सांगतात की उत्पन्न वाढलं.

आमचं भांडण शेळीशी नाही. २०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून अधिक शेळ्या मोजल्या गेल्या, आणि त्यांतल्या पुष्कळशा अल्पभूधारक आणि भूमिहीनांच्या दावणीला आहेत. भांडण या हिशेबाशी आहे, कारण पुढच्या प्रकल्पाचा पैसा याच हिशेबावर मंजूर होतो.

‘वर्षाला ४० करडं’

शेळीचा गाभणकाळ साधारण १५० दिवसांचा. दोन वेतांचे ३०० दिवस वजा केले की वर्षाचे ६५ दिवस उरतात. म्हणजे प्रत्येक वेतानंतर महिन्याभरात, दोन करडं अंगावर पीत असताना, रानात चरणाऱ्या शेळीनं माजावर येऊन पुन्हा फळायला हवं. एखादी शेळी हे करतेही. कळपाची सरासरी तिथे जात नाही. व्यवस्था चांगली असेल तर दोन वर्षांत तीन वेतं, हे गाठण्याजोगं ध्येय आहे. उन्हाळ्यात खंगणाऱ्या कळपात तेही हुकतं.

उस्मानाबादी जातीच्या शेळीला जुळी पुष्कळ होतात, पण पहिलटकरीण बहुधा एकच करडू देते. तेव्हा हिशेब असा मांडून पाहा. १० पैकी ८ शेळ्या नियमित गाभण राहिल्या, वर्षाला दीड वेत, दर वेताला दीड करडू: जन्मली १८. दूध तुटेपर्यंत त्यांतली तीन गेली: उरली १५. म्हाताऱ्या शेळ्यांच्या जागी ठेवायला तीन पाठी (मादी करडं) राखल्या: विकायला १२. हे आकडे सावध गृहीतकं आहेत, गावागावात खालीवर होतील. पण ४० आणि १२ यांतली दरी गृहीतकं ताणून बुजत नाही.

शिवाय हे स्थिरावलेल्या कळपाचं चित्र आहे, पहिल्या वर्षाचं नव्हे. जूनमध्ये गाभण नसलेल्या शेळ्या आल्या आणि लगेच फळल्या, तरी त्या नोव्हेंबरात विणार, आणि करडं विकण्याजोगी व्हायला आणखी सहा ते आठ महिने. म्हणजे पहिल्या बारा महिन्यांत विकायला काहीच नसतं. मूल्यमापन करणाऱ्यानं ही गोष्ट उलटी वाचावी: पहिल्याच वर्षी विक्री दिसत असेल तर बहुधा वाटपातली मूळ शेळी गेलेली असते किंवा करडं अर्ध्या वजनावर गेलेली असतात. अहवालात मात्र ती रक्कम ‘उत्पन्न’ या रकान्यात बसते.

‘मरतूक फार तर ५ टक्के’

हा आकडा बहुतेक वेळा विम्याच्या दाव्यांवरून येतो. दावा होतो तो कानात बिल्ला असलेल्या मोठ्या जनावराचा. आठ दिवसांचं करडू हगवणीनं गेलं तर त्याचा दावा नाही, पंचनामा नाही, नोंद नाही. आणि करडांची मरतूकच सर्वांत मोठी असते: थंडीतला न्यूमोनिया, चीक न मिळणं, ओल्या गोठ्यातला रक्ती हगवणीचा आजार. दुसरी गळती विक्रीतून होते. शेळी मान टाकायला लागली की मालक ती पडत्या भावात खाटकाला देतो, आणि मरण विक्री म्हणून नोंदलं जातं. म्हणून ‘किती मेल्या’ एवढंच विचारून चालत नाही. प्रत्येक विक्रीमागे भाव आणि कारण विचारावं लागतं.

मोजायची रीत अवघड नाही, वेळखाऊ आहे. दावणीला असलेली प्रत्येक शेळी समोर उभी करायची आणि मागच्या बारा महिन्यांचा तिचा इतिहास विचारायचा: किती वेळा व्याली, गाभडली का, करडं किती, त्यांतलं आज कोणतं कुठे आहे. नंतर गेलेल्या शेळ्यांचंही हेच विचारायचं. शेवटी ताळा जुळवायचा: सुरुवातीची संख्या, अधिक जन्म, अधिक खरेदी, अधिक मिळालेली, वजा विक्री, मृत्यू, घरी कापलेली, दिलेली, चोरीला किंवा बिबट्याला गेलेली, उत्तर आजच्या दावणीइतकं यायला हवं. नाही आलं तर पुन्हा विचारायचं, अंदाजानं भरायचं नाही. महिना आठवत नाही तिथे पोळा, दिवाळी, संक्रांत, अक्षय्य तृतीया यांच्या खुणा धराव्यात. बकरी ईदची खूण जपून वापरावी, कारण ती दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे सरकते. एका घराला तासभर लागतो. दिवसाला वीस घरं ‘कव्हर’ करणाऱ्या सर्वेक्षणात हे होणं शक्य नाही, हे नियोजनाच्या कागदावरच दिसतं.

मोठ्या शेळ्या मरण्याची कारणं पुष्कळदा वाटपाच्या दिवशीच पेरलेली असतात. निधी मार्चअखेर संपवायचा असतो, म्हणून खरेदी मार्चमध्ये. चारा संपलेला, ऊन चढतं, आणि वेगवेगळ्या बाजारांतून गोळा केलेली जनावरं एकाच टेम्पोत. पीपीआर या शेळ्या-मेंढ्यांच्या जीवघेण्या साथरोगाची लक्षणं लागण झाल्यावर चार ते सहा दिवसांत दिसू लागतात. बाजारातून आलेला कळप तीन आठवडे वेगळा ठेवला नाही तर आजार लाभार्थ्याच्या घरी, आणि तिथून गावच्या जुन्या शेळ्यांत पोचतो. शेजाऱ्याच्या मेलेल्या शेळ्या प्रकल्पाच्या अहवालात कुठेच नसतात. खरं तर त्या खर्चाच्या बाजूला धरायला हव्यात.

‘९५ टक्के लसीकरण’

लशीच्या डोसांना शेळ्यांच्या संख्येनं भागून हा आकडा येतो. पीपीआरची गोठवून वाळवलेली लस एकदा द्रावणात मिसळली की बर्फावर ठेवूनही तास-दोन तासांत संपवावी लागते. कुपी १०० डोसांची आणि वस्तीवर शेळ्या ६०, तर उरलेले ४० एक तर फेकावे लागतात किंवा दुपारी पुढच्या वस्तीवर नेले जातात. दुसरं घडलं तर वहीत १०० लशी दिसतात आणि ४० शेळ्यांना निव्वळ पाणी टोचलेलं असतं. म्हणून वहीत कुपी फोडल्याची वेळ लिहिलेली आहे का, ते पाहावं. शंका असेल तर काही शेळ्यांचं रक्त घेऊन प्रतिपिंडं तपासता येतात.

दुसरी गोष्ट कळपाच्या उलाढालीची. पीपीआरचा एक डोस साधारण तीन वर्षं संरक्षण देतो, पण शेळीला, कळपाला नाही. मोहिमेनंतर जन्मलेल्या करडांना तीन-चार महिन्यांचं झाल्यावर टोचलं नाही तर वर्षभरात निम्मा कळप उघडा पडतो. आंत्रविषार या आतड्याच्या जीवघेण्या आजाराची लस पावसाळ्याच्या तोंडावर दरवर्षी लागते, आणि पहिल्यांदा देताना १४ दिवसांनी दुसरा डोस. ती दुसरी फेरीच नेमकी राहते.

‘खर्च शून्य’

३० किलोच्या शेळीला रोज किलोभर किंवा थोडा जास्त शुष्क चारा लागतो. दहांना १० ते १२ किलो. पावसाळ्यात बांधावर आणि गायरानात तो निघतो. मार्च ते जून सुबाभूळ, बाभळीच्या शेंगा, विकतचं भुसकट. गाभणकाळाच्या शेवटच्या महिन्यात शेळीला रोज पाव किलो खुराक दिला तर दहा शेळ्यांना एका वेतामागे ७५ किलो. दिला नाही तर करडू अशक्त, दूध कमी, आणि ती मरतूक वरच्या रकान्यात. शिवाय पाणलोटाच्या गावांत चराईबंदी असते. एकाच गावात एक प्रकल्प चराई बंद करतो आणि दुसरा शेळ्या वाटतो, आणि दोघांचेही अहवाल यशस्वी असतात!

राहिली मजुरी. रोज पाच-सहा तास शेळ्यांमागे कोण जातं? बाई, म्हातारं माणूस किंवा शाळेतली मुलगी. रुपयांत धरायचं की नाही यावर वाद घालता येईल, पण तास तरी विचारावेत, आणि मुलीची शाळेतली हजेरी पाहावी.

‘९० टक्के म्हणतात उत्पन्न वाढलं’

हे ९० टक्के कोणाचे? समजा १०० कुटुंबांना गट मिळाले आणि तीन वर्षांनी ४० घरी एकही शेळी उरली नाही. सर्वेक्षक ‘शेळीपालकांना’ भेटतो, म्हणजे उरलेल्या ६० घरांना. त्यांतली ५४ हो म्हणाली. ९० टक्के झाले! मूळ यादीवर ते ५४च आहेत. म्हणून नमुना वाटपाच्या यादीतून काढायचा, आजच्या दावणीवरून नाही. स्थलांतर केलेल्यांनाही शोधायचं.

तुलना हवीच. मटणाचे भाव सगळ्यांसाठीच वाढतात. समजा प्रकल्पातल्या घराचं उत्पन्न ३०,००० वरून ४८,००० झालं आणि तशाच परिस्थितीतल्या, गट न मिळालेल्या घराचं ३१,००० वरून ४३,०००. प्रकल्पाचा वाटा १८,००० नाही, ६,००० आहे. पहिली पाहणी ऐन पावसाळ्यात आणि शेवटची बकरी ईदच्या तोंडावर झाली असेल तर तोही खरा नाही. दोन्ही एकाच हंगामात हव्यात. आणि तीन दुभत्या शेळ्या विकून आलेली रोकड उत्पन्नात धरायची असेल तर कळपाची घटलेली किंमत वजा करावीच लागते.

गट देऊन मोकळं व्हावं, बाकी माणसं पाहून घेतील, हेही ऐकू येतं. २०१५मध्ये प्रसिद्ध झालेल्या सहा देशांच्या अभ्यासात (आपल्याकडचं ठिकाण पश्चिम बंगालमधलं) अतिगरीब घरांना मालमत्तेबरोबर (बहुधा जनावरं) प्रशिक्षण, काही काळ घरखर्चाला मदत, बचत आणि घरभेटी असं सगळं दिल्यावर बहुतेक ठिकाणी सुधारणा टिकली. होंडुरासमध्ये अनेकांनी घेतलेल्या कोंबड्या रोगानं मेल्या आणि फळ हाती लागलं नाही. घानामध्ये नुसती मालमत्ता देऊन पाहिली. तसा परिणाम मिळाला नाही. म्हणून पशुसखीचं, म्हणजे घरोघर जाऊन शेळ्यांची देखभाल पाहणाऱ्या गावातल्याच प्रशिक्षित बाईचं, मानधन प्रकल्प संपल्यावर कोण देतं, हा प्रश्न मूल्यमापनात शेळ्यांच्या संख्येइतकाच वरचा आहे. गावकरी तिला जंतनाशकाचे आणि लशीचे पैसे स्वतःहून देत असतील तर ती टिकेल.

शेवटची पडताळणी प्रकल्पाची माणसं गाव सोडून वर्ष-दीड वर्ष झाल्यावर करावी, आणि तारीख आधी कळवू नये, कारण पाहणीच्या दिवसापुरत्या शेजारच्या शेळ्या दावणीला येतात. कानातला बिल्ला नसणं हा पुरावा नव्हे; बिल्ले काट्याकुट्यात अडकून तुटतात. दात पाहावेत. दोन वर्षांपूर्वी ‘दोन दाती’ म्हणून नोंदलेली शेळी आज सहा दाती किंवा जुळलेली (पुढचे आठही पक्के दात आलेली) असायला हवी. ती अजून दोन दातीच असेल तर ती वाटपातली नाही. मग घरातल्या बाईला, इतरांना बाजूला ठेवून, मूळ शेळी कधी आणि कशासाठी गेली ते विचारावं.