सिंधू गप का बसली?

परवा तालमीच्या खोलीत वाद पेटला. यंदा यात्रेला कुठलं नाटक बसवायचं यावरून सुरुवात झाली आणि गाडी जुन्याच प्रश्नावर जाऊन थांबली. नाटक बघून माणसं बदलतात, की जे गावात आहे तेच स्टेजवर दिसतं? एक जण म्हणाला, "चार घटका करमणूक, दुसरं काय?" तिथं मला नीट बोलता आलं नाही, म्हणून इथं लिहितोय.

मराठी संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर 1843 साली आपल्याच बेळगाव जिल्ह्यात, गुर्लहोसूरला जन्मले. ते बेळगावात शिक्षक असताना नाटककार गोविंद बल्लाळ देवल त्यांच्या सहवासात आले. त्याच देवलांचं 'शारदा' 1899 चं. म्हाताऱ्याच्या गळ्यात कोवळी पोर बांधणाऱ्यांना त्यांनी भर मंडपात उभं केलं. बालविवाह रोखणारा सारडा कायदा आला 1929 साली. नाव सारखं, म्हणून कायदा नाटकावरून झाला असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही, तो हरबिलास सारडांच्या नावानं ओळखला जातो. नाटकानं कायदा केला असं मी म्हणणार नाही. मला सांगायचंय ते वेगळंच आहे.

मी 14 वर्षांचा असताना आमच्या गावात 'एकच प्याला' झालं. खानापूर तालुक्यातलं गाव, यात्रेची रात्र, सिंधूच्या, म्हणजे दारुड्या सुधाकराच्या बायकोच्या, कामाला सांगलीहून आणलेली बाई. मी विंगेत वही धरून प्रॉम्प्टिंगला. राम गणेश गडकऱ्यांनी हे नाटक दारूच्या विरोधात लिहिलं, पण लोकांनी डोक्यावर घेतला तो सुधाकराला प्यायला लावणारा तळीराम. त्याच्या आर्य मदिरा मंडळाला इतके हशे, की पुढचं वाक्य ऐकू येईना. दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी आपल्या पिण्याच्या अड्ड्याला तेच नाव दिलं! वर्षभर ते टिकलं.

आणि त्याच मंडपात, बायकांच्या बाजूला, माझी काकी बसली होती. 1919 मध्ये बालगंधर्वांनी सिंधू केली तेव्हा तिच्या सोसण्यानं लोक हेलावले. पतिव्रता असावी तर अशी, हेच त्या नाटकाला म्हणायचं होतं. आमच्या मंडपातही बायका रडत होत्या. काकी मात्र रडली नाही. घरी जाताना कंदिलाच्या उजेडात एवढंच म्हणाली, "एवढा मार खाऊन गप का बसली ती?"

काका प्यायचा. काकीच्या अंगावर वळ दिसला आणि कुणी विचारलं, की तिचं उत्तर ठरलेलं असायचं, "गोठ्यात पाय घसरला." यात्रेनंतर महिन्याभरात नळावर शेजारणीनं विचारलं, तेव्हा मी तिथंच घागर भरत होतो. काकी म्हणाली, "ह्यांनी मारलं." कुणी काही बोललं नाही. पाणी घागरीवरून वाहत राहिलं. त्या दिवसापासून काका नळाच्या वाटेनं जायचा बंद झाला, कारण तिथल्या पाच-सहा बायका त्याच्याकडे बघायच्या. दारू सुटली नाही त्याची. हात मात्र आवरला.

हे मत तिला गडकऱ्यांनी दिलं काय? त्यांनी तर उलटं लिहिलंय. मग नाटकात फक्त गावच दिसलं काय? तेही नाही, वळ आधीही होते, सगळ्यांनी बघितलेले. नाटकानं काय केलं, तर तिच्या घरातली गोष्ट दिव्यांच्या उजेडात अख्ख्या गावासमोर ठेवली, आणि एकदा सगळ्यांनी मिळून बघितल्यावर गोठ्याचं कारण सांगायला तिची जीभ वळेना. नाटक माणूस घडवतंच, असं मी छातीठोक म्हणतो. फक्त कुणाला कसं घडवेल ते लेखकाच्या हातात नसतं. अड्ड्यावरची पोरंही त्याच नाटकानं घडवलेली.

म्हणून सीमाप्रश्नावरच्या नाटकांबद्दल माझं मत आमच्या मंडळात कुणाला आवडत नाही. बेळगाव कर्नाटकात घातलं त्याच्या निषेधाला मीही 1 नोव्हेंबरला काळी फीत बांधतो. पण तिथं पहिल्या वाक्यापासून टाळ्या असतात. सगळे आधीच एका मताचे. मंडपातून माणूस आला तसाच घरी जातो. पोरीला जमिनीत वाटा का नाही, सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीला सोडलेल्या बाईच्या लेकराचं लग्न कोण करणार, यावर आपण नाटक का बसवत नाही? तिथं टाळ्या पडणार नाहीत, खुर्च्यांची चुळबुळ होईल. मला ती चुळबुळ हवी आहे.

मंडळाला मी पुन्हा 'एकच प्याला'च सुचवलंय. काकी आता सत्तरीच्या पुढं गेली. तालमीला घेऊन चल म्हणाली. रविवारी नेणार आहे.