खुलासा : व्यायाम करणाऱ्यांनाही आतड्याची तपासणी हवीच

‘रोज तासभर चालणाऱ्याला मोठ्या आतड्याचा कर्करोग होत नाही, त्रास नसेल तर तपासणी कशाला?’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो अर्धाच खरा आहे, आणि घातक आहे तो उरलेला अर्धा.

नियमित हालचालीने या कर्करोगाचा धोका घटतो, हे खरे. पण घटतो, संपत नाही. शिवाय सकाळी चालून पुढे दिवसभर खुर्चीला खिळलेल्यांनी फार निर्धास्त राहू नये. दीर्घ बैठकीचा संबंधही या आजाराशी आढळला आहे.

‘त्रास नसेल तर’ हे तर साफ चूक. आतड्याच्या अस्तरावरील छोट्या गाठीचा, म्हणजे पॉलिपचा, कर्करोग व्हायला बहुधा दहाएक वर्षे लागतात. तेवढा काळ सहसा काहीच जाणवत नाही. कोलोनोस्कोपीत, म्हणजे गुदद्वारातून दुर्बीण घालून केलेल्या आतड्याच्या तपासणीत, ती गाठ दिसताच काढता येते. अमेरिकेत 2021 पासून सर्वसाधारण धोका असलेल्यांनाही वयाच्या 45 पासून तपासणीचा सल्ला दिला जातो. दुर्बिणीची धास्ती असेल तर दरवर्षी शौचातील अदृश्य रक्ताची चाचणी चालते. मात्र दोष आढळल्यास कोलोनोस्कोपी टाळता येत नाही. आई-वडील वा भावंडांना हा आजार झाला असेल, तर 45 ची वाट न पाहता डॉक्टरांना विचारा.