जाहिरातीत गाडी कुठाय?

३० सेकंदांची सणाची जाहिरात. त्यातली २५ सेकंद आजीचे पाणावलेले डोळे, दिव्यांच्या माळा आणि पियानो. गाडी येते अगदी शेवटी, तीही टपावर भेटवस्तूसारखा भलामोठा लाल रिबिनीचा बो लावून! गाडी काय कुणाला न विचारता हातात ठेवायची वस्तू आहे? कर्ज, विमा, नोंदणी, सह्या कोण करणार? डिकीत किती बॅगा मावतात, मागे तिघं नीट बसतात का, हे दाखवा ना! आणि ती 'पासून सुरू' किंमत? ती बेस मॉडेलची. चित्रात मात्र टॉप मॉडेल: सनरूफ, अलॉय व्हील्स, सगळं. अटी तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत, जेमतेम २ सेकंद. बऱ्याचदा सवलत असते ती गेल्या वर्षी बनून पडून राहिलेल्या गाड्यांवर. पुढे विकताना गिऱ्हाईक उत्पादनाचं वर्षच आधी विचारतं, हे कोण सांगणार?