आप्पामामांचा बायोडाटा

२०१४ साली बडोद्याने नरेंद्र मोदींना ५,७०,१२८ मतांनी निवडून दिलं आणि पंधरा दिवसांत त्यांनी वाराणसी ठेवून बडोदं सोडलं. मराठी वस्तीचा दांडिया बाजार हळहळला. आमच्या आप्पामामांना मात्र हुरूप आला. रिकामी जागा सहा महिन्यांत भरायची असते, हा नियम त्यांना तोंडपाठ होता.

"तुझ्याकडे कॉम्प्युटर आहे ना? बायोडाटा टाइप करायचाय, तिकिटासाठी."

"कुठल्या पक्षाच्या?"

"तेवढी जागा कोरी ठेव."

गुजराती पेपरांत तिकिटाच्या उमेदवारांना 'मुरतिया' म्हणतात, म्हणजे लग्नाला उभे असलेले नवरदेव. वयाच्या ६३व्या वर्षी मामा पुन्हा उपवर झाले. पक्षाचे निरीक्षक येऊन कार्यकर्त्यांचा कल घेतात, त्याला आमच्याकडे 'सेन्स घेणं' म्हणतात. मामी म्हणाली, "घेऊ नका म्हणावं, आमच्या ह्यांना थोडा देऊन जा."

तीन रात्री टायपिंग चाललं. सामाजिक कार्य : गणेशमंडळाचे खजिनदार (हिशेब अजून व्हायचाय, ते लिहिलं नाही). हक्काची मराठी मतं : आधी 'एक लाख', मग मामीकडे बघून 'भरपूर'. वीस झेरॉक्स वाटून झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की घाईत मी मामेबहिणीच्या स्थळाच्या फाइलवरच टाइप केलंय. तळाशी तसंच राहिलं होतं : 'नाडी मध्य. मंगळ नाही. अपेक्षा : निर्व्यसनी, शक्यतो बडोद्यातलेच.'

मामांना सांगायची हिंमत झाली नाही. अजून नाही झाली.

भाजपचं तिकीट उपमहापौर रंजनबेन भट्टांना मिळालं. काँग्रेसने नरेंद्र रावतांना दिलं. हे रावत उन्हाळ्यातल्या निवडणुकीसाठी पक्षातल्या मतदानातून रीतसर निवडून आले होते; पण समोर मोदी आल्यावर त्यांनी पक्षाच्याच मधुसूदन मिस्त्रींसाठी जागा सोडली. "मोडलेल्या साखरपुड्यातला मुलगा पुन्हा बोहल्यावर," मामा पेपर आपटत म्हणाले. सप्टेंबरात रंजनबेन सव्वातीन लाखांहून जास्त मतांनी आल्या, आणि मामा सूरसागर तलावावर फिरायला जायचे बंद झाले. लोक विचारतात म्हणे.

मग २०२४चा मार्च. रंजनबेनना तिसऱ्यांदा तिकीट जाहीर झालं, पक्षातच धुसफुस सुरू झाली आणि त्यांनी लढायला नकार दिला. तासाभरात फोन.

"ती फाइल आहे ना रे?"

"आहे मामा. तळाचं जरा दुरुस्त करतो."

"कशाला? तळाचं कोण वाचतंय!"

तिकीट हेमांग जोशींना गेलं. वय ३३. मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मुलगा चांगला आहे. त्याचा बायोडाटा कोणी टाइप केला, तेवढं विचार."