‘पितळेची नळी, आत दारू, पुढे गोळी, संपलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या महिन्यात काडतुसं कशी घडत आणि बदलत गेली यावर लिहिलं होतं. त्याखाली खानापूर भागातल्या एका माजी सैनिक वाचकांची प्रतिक्रिया आली. नाव दिलेलं नाही. मी काही वाकवून सांगितलं असं वाटायला नको म्हणून तिचा गाभा त्यांच्याच शब्दांत देतो:

“लेखक महाशय, नेटवरून उचललेली माहिती आम्हाला किती दिवस वाढणार? मी फौजेत होतो, राउंड हाताळलेत. काडतुसात दीडशे वर्षांत नवीन काय झालं? पितळेची नळी, आत दारू, पुढे गोळी, संपलं. लढाई जवान जिंकतो. यशवंत घाडगेंनी मॅगझिन संपल्यावर बंदुकीच्या दस्त्यानं शत्रू लोळवले, तिथं कुठलं तुमचं संशोधन होतं? आणि माणसं मारायच्या वस्तूचं एवढं कौतुक कशाला? सीमाभागात लिहायला दुसरे प्रश्न संपले काय? लेख पण मारुतीच्या शेपटासारखा लांबवलाय!!!”

लांबीचं आधी मान्य करतो. लेख लांबला, आणि मधे एखादी आकृती हवी होती. काडतुसाचा उभा छेद काढून दाखवला असता तर तीन परिच्छेद वाचले असते. पुढच्या वेळी तसं करीन.

पण सुरुवातच ‘महाशय’ अशी करायची आणि पहिल्या ओळीत ‘उचललेली’ म्हणायचं, ही कुठली रीत? तुम्ही वयानं मोठे असाल, फौजेत होता, त्याचा मला आदर आहे. आमच्या घरात फौजेतल्या माणसाशी कुणी चढ्या आवाजात बोललेलं नाही. त्या आदराच्या आडून दुसऱ्याला चोर म्हणू नये, एवढंच सांगतो. कुठलं वाक्य कुठून उचललं ते दाखवा, त्याच दिवशी लेख काढून टाकतो. दाखवता येत नसेल तर शब्द मागे घ्या. इतकी वर्षं इथे लिहितोय. लोकांनी वाद घातले, सीमाप्रश्नावर लिहिलं तेव्हा दोन्हीकडून शिव्याही खाल्ल्या, पण चोरीचा आळ कुणी घातला नव्हता. ती तीन उद्गारचिन्हं कशासाठी, तेही कळलं नाही.

आता तुमचं ते वाक्य. ‘दीडशे वर्षांत नवीन काय झालं?’

दीडशे वर्षं मागे जाऊ या. साल १८७५च्या आसपासचं, ब्रिटिश शिपायाच्या हातात मार्टिनी-हेन्री. तिच्या काडतुसाची ‘पितळेची नळी’ कशी होती ठाऊक आहे? तो पितळेचा पातळ पत्रा होता, गुंडाळी करून बसवलेला, आणि बुडाला लोखंडाची चकती. आत काळी दारू. पुढे शिशाची गोळी, तिच्याभोवती कागद. १८८५ सालच्या सुदानच्या मोहिमेत रेती, उष्णता आणि काळ्या दारूची काजळी एकत्र आली आणि ही काडतुसं चेंबरमध्ये, म्हणजे बंदुकीत काडतूस बसतं त्या पोकळीत, चिकटू लागली. काडतूस बाहेर खेचणारा आकडा, एक्स्ट्रॅक्टर, बुडाची कड ओढून काढायचा आणि गुंडाळी आतच राहायची. समोर शत्रू, हातात अडकलेली बंदूक. त्यानंतर गुंडाळीची नळी गेली आणि एकाच पत्र्यातून ओढून काढलेली, बिनसांध्याची नळी आली, तिलाच केस म्हणतात. म्हणजे तुम्ही हाताळलेली नळी दीडशे वर्षांपूर्वी त्या शिपायाच्या हातात नव्हतीच.

दारू घ्या. फ्रान्समध्ये पॉल व्हिएलनं बिनधुराची दारू १८८४ साली केली, इंग्रजांनी १८८९ साली कॉर्डाइट ही आपली बिनधुराची दारू केली, आणि १९०३ साली निलगिरीत अरुवनकाडूला त्याचा कारखाना उभा राहिला. गोळी घ्या. नव्या दारूनं वेग इतका वाढला की उघडं शिसं बंदुकीच्या नळीतल्या आट्यांत टिकेना, म्हणून तिच्यावर कडक धातूचं आवरण आलं. थ्री-नॉट-थ्रीची बोथट गोळी जाऊन १९१० साली टोकदार मार्क-सात गोळी आली, तिच्या टोकात शिशाऐवजी हलकं अ‍ॅल्युमिनियम भरलेलं. तुमच्या वाक्यात तीन वस्तू आहेत: नळी, दारू, गोळी. तिन्ही बदलल्या. मग ‘संपलं’ कसं?

आणि चौथी वस्तू तुम्ही विसरलात. टोपी. प्रायमर म्हणा हवं तर. केसच्या बुडात बसते, ठोका बसला की पेटते आणि दारूला आग लावते.

माझे आजोबा मराठा पल्टणीत होते. फायरिंग करून आलं की रायफलीच्या नळीतून उकळतं पाणी ओतायचं, मग कोरडी करायची, मग तेल, हा क्रम ते शेवटपर्यंत बोलून दाखवायचे. लहानपणी मला वाटायचं, पाण्यानं तर गंज चढेल, हे उलटं कसं? कारण त्या टोपीत होतं. तेव्हाच्या मसाल्यात पोटॅशियम क्लोरेट असायचं. ते जळून मागे जो क्षार राहतो तो जवळजवळ मिठासारखाच, हवेतला ओलावा ओढून घेणारा. तेलानं तो निघत नाही, पाण्यानं विरघळतो. आमच्याकडच्या आषाढात तसली रायफल एक रात्र तशीच ठेवली तर सकाळी नळी लाल. पुढे १९२०च्या दशकाच्या अखेरीला जर्मनीत शिशाच्या संयुगाचा, न गंजवणारा मसाला बाजारात आला आणि हळूहळू सगळीकडे पसरला. फौजेतल्या माणसाला उकळत्या पाण्याची किटली शोधत फिरायची गरज उरली नाही. हा बदल तुम्हाला दिसला नाही, कारण तो एवढा चांगला झाला की त्याची आठवण ठेवायचं कारणच राहिलं नाही. म्हणून तो झालाच नाही असं म्हणायचं का?

काडतुसाच्या नळीवर मी जरा जास्त बोलणार आहे. ते माझं काम होतं.

मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत प्रेसवर काम केलंय. डीप ड्रॉइंग. पितळेच्या पत्र्याची चकती कापायची, पंचानं दाबून कप करायचा, मग एकेका डायमधून ओढत लांब करत जायचं. दोन-तीन ड्रॉ झाले की पितळ इतकं कडक होतं की पुढचा ड्रॉ घेतला तर बूड फाटून हातात येतं. म्हणून मधे भट्टीत घालून अ‍ॅनिलिंग करायचं, मऊ करायचं, आणि परत ओढायचं. आम्ही काडतुसं केली नाहीत, बेळगावात कोण करतं? आम्ही साधी झाकणं आणि फेरूल, म्हणजे टोकाला बसवायच्या कड्या, करायचो. पण धातू तोच, सत्तर टक्के तांबं आणि तीस टक्के जस्त, ज्याला जगभर काडतुसाचं पितळ म्हणूनच ओळखतात. हे मी नेटवर वाचलेलं नाही. हात भाजलेत त्यात.

एका पावसाळ्यात आमच्या मालाला तडे गेले. पॅक करून ठेवलेला, तपासून पास झालेला माल. कुणी हात लावला नव्हता, वजन पडलं नव्हतं, आणि उभ्या चिरा. मालकांनी आधी ऑपरेटरला धरलं, मग पत्रा देणाऱ्याला. पगार कापायची भाषा झाली. स्टोअरच्या भिंतीपलीकडे खताचं गोदाम होतं, याच्याकडे कुणाचं लक्षच गेलं नाही.

हाच रोग काडतुसांना झाला होता, आणि तोही आपल्या देशात. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या फौजेची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवलेली असायची, आणि पावसाळा सरता सरता केसेसना आपोआप तडे जायचे. ऋतूबरोबर यायचे म्हणून इंग्रजांनी त्या तड्यांना ऋतूचंच नाव दिलं. खरं कारण इंग्लंडमधल्या वुलिचच्या संशोधकांनी १९२१ साली मांडलं. घोड्यांच्या मुतातून (आमच्याकडे त्या खतातून) अमोनिया, हवेत दमटपणा, आणि ओढून काढलेल्या पितळात आत दबून राहिलेला ताण. तिन्ही एकत्र आले की पितळ चिरतं. उपाय काय निघाला? नवीन धातू नाही, नवी बंदूक नाही. सगळं काम झाल्यावर केस सुमारे अडीचशे अंशांवर थोडा वेळ तापवायची. कडकपणा राहतो, आतला ताण जातो. एवढंच.

एवढंच, पण ते शोधायला कित्येक पावसाळे गेले, आणि तोवर किती पेट्या फेकल्या गेल्या असतील याचा विचार करा. आमच्या शॉपमध्ये हे कुणाला माहीत असतं तर एका गरीब ऑपरेटरला बोलणी खावी लागली नसती. म्हणून मी हा विषय लिहितो. तुम्हाला ‘नळी’ दिसते. मला तिच्यात कुणीतरी भट्टीपुढे उभं राहून काढलेली वर्षं दिसतात.

अजून एक. तुम्ही राउंड हाताळलेत म्हणता, तर फौजी केसच्या मानेजवळची निळसर-तपकिरी झाक पाहिली असणार. तो डाग नाही. मान मऊ ठेवण्यासाठी तेवढाच भाग तापवलेला असतो. बूड कडक हवं, नाहीतर दाबानं पसरेल. मान मऊ हवी, नाहीतर गोळी धरून ठेवता ठेवता चिरेल. एकाच बोटभर वस्तूत वर मऊ, खाली कडक. बार झाला की केस क्षणभर फुगून चेंबरला चिकटते आणि मागे येणारा वायू अडवते, दाब गेला की पुन्हा आकसते, तेव्हाच ती बाहेर ओढता येते. आणि बाहेर पडताना थोडी उष्णताही घेऊन जाते. जर्मनीत हेक्लर अँड कॉखनं जी-११ ही बिनकेसची रायफल केली, तेव्हा ती उष्णता जायला वाटच राहिली नाही. तापलेल्या चेंबरमध्ये राउंड आपोआप पेटू लागले, आणि त्यासाठी जास्त तापमान सोसणारी वेगळी दारू शोधावी लागली. ‘नुसती नळी’ काढून टाकल्यावर ती काय काय करत होती ते कळलं.

आजची गोष्टही सांगतो, कारण तुम्ही म्हणाल हे सगळं जुनंच. अमेरिकी लष्करानं २०२२ साली निवडलेल्या ६.८ मिलिमीटरच्या नव्या काडतुसात दाब इतका आहे, दर चौरस इंचाला सुमारे ८०,००० पौंड, की एकट्या पितळेचं बूड तो सोसत नाही. म्हणून बूड पोलादाचं आणि अंग पितळेचं, दोन तुकडे जोडून केस केली. आपल्याकडे १५५ मिलिमीटरच्या तोफांसाठी कापडी पिशव्यांतल्या चार्जऐवजी आख्खे जळून जाणारे कडक मोड्यूल आले, त्यांचा कारखाना बिहारात नालंद्याला आहे. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९चा, वरणगावचा १९६४चा. हे सगळे कारखाने १ ऑक्टोबर २०२१पासून म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीखाली आले. खडकी-वरणगावला प्रेसवर, भट्टीवर, तपासणीच्या टेबलावर काम करणारी माणसं आपल्यासारखीच मराठी घरांतली आहेत. ‘संपलं’ हा शब्द त्यांच्यापुढे उच्चारून बघा.

बाकीच्या मुद्द्यांवर फार वेळ घालवत नाही.

मराठा पल्टणीच्या, व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेल्या घाडगेंचं नाव तुम्ही घेतलंत. १० जुलै १९४४, इटली. ते नाव मी उभं राहून घेतो. पण त्या दिवशी दस्त्याच्या आधी त्यांचा ग्रेनेड फुटला होता आणि टॉमीगन चालली होती. त्यातलं एक जरी दगा देतं तर दस्त्यापर्यंत ते पोचले असते का? शूर माणसाच्या हातात भरवशाचा राउंड द्यावा, एवढंच माझं म्हणणं आहे. त्यात त्यांचा अपमान कुठून आला?

माणसं मारायच्या वस्तूचं कौतुक, हा आरोप फौजेत राहिलेल्या माणसाकडून येईल असं वाटलं नव्हतं. त्यावर मला काही बोलायचं नाही.

सीमाभागाशी याचा काय संबंध म्हणता. मुधोळजवळच्या हलगलीच्या बेडरांनी १८५७च्या नोव्हेंबरात हत्यारं टाकायला नकार दिला, आणि इंग्रजांनी गाव जाळलं. नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब यांना पुढच्या वर्षी बेळगावातच फाशी दिलं. मराठा पल्टणीचं सेंटर १९२२पासून इथे कॅम्पात आहे. उद्यमबाग, मच्छे इथे फाउंड्र्या आणि प्रेस शॉप रात्रंदिवस चालतात. हत्यार, फौज आणि धातूचं काम या तिन्हींशी एवढं जोडलेलं दुसरं गाव मला या पट्ट्यात दाखवा. सीमाप्रश्नावर मी लिहितोच, पुढेही लिहीन. पण मराठीत लिहिणाऱ्यानं फक्त सीमाप्रश्नावरच लिहावं, पोलादावर आणि पितळेवर इंग्रजीतच वाचावं, हे मला मान्य नाही. उद्यमबागेतल्या पोराला त्याच्या हातातल्या धातूची माहिती त्याच्या भाषेत का मिळू नये?

पुढचा लेख टोपीवर आहे, आकृतीसकट. तुम्ही थ्री-नॉट-थ्रीच्या काळातले असाल तर उकळत्या पाण्याचं तुमच्या पल्टणीत काय चालायचं ते जरूर लिहा, कुठल्या वर्षापर्यंत चालायचं तेही. ते मी तुमच्या नावानं छापीन. फक्त या वेळी नाव द्या.